नाव घातलेली डबी

हयवदन कौजलगी सगळं दोनदा मोजतात. बसवनगुडीत गांधी बाजाराच्या मागच्या गल्लीत एक जुनी लॅब आहे. तिच्या आतल्या खोलीत सत्तावीस वर्षं ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पुरुषांचे शुक्राणू मोजत बसलेत. काचेवरच्या बारीक चौकटी, डाव्या हातात टकटक करणारा काउंटर, आणि तोंड बंद. एकदा मोजायचं, दुसरा थेंब घेऊन पुन्हा मोजायचं, आणि दोन आकडे जुळले नाहीत तर दोन्ही टाकून पहिल्यापासून सुरुवात. त्यांच्या हातचा रिपोर्ट असला की डॉक्टर लोक पुढं काही विचारत नाहीत. सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, घरातही तेच नाव चालतं.

एवढा काटेकोर माणूस, पण घरच्या पायरीवर चप्पल काढली की त्याच्या तोंडाला कुलूप. बेळगावकडून आजोबांच्या वेळी इथं आलेलं देशस्थ घर, देव्हारा मोठा, सोवळं कडक. तिथं जेवताना शुक्राणू हा शब्द कोण काढणार? बायको अनुसूया पाहुण्यांना सांगायची, "हे रक्त-लघवी तपासतात," आणि अण्णांनी तिची ती समजूत कधी मोडली नाही. लॅबमध्ये मात्र त्यांनी शेकडो नवऱ्यांना समोर बसवून बजावलं होतं, "बायकोला नंतर सुया टोचा. आधी स्वतःची तपासणी करा, सगळ्यात सोपी तीच आहे."

हे वाक्य स्वतःच्या मुलाला मात्र त्यांना सांगता येत नव्हतं. गेले काही महिने त्यांच्या जिवाला चैन नव्हतं ते याचमुळं.

मुलगा पुष्कर, वय चौतीस. त्याच्या लग्नाला साडेसहा वर्षं झाली होती. सून यशश्री पुण्याची, हेब्बाळच्या एका टेक पार्कात नोकरीला. पाच वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंकडे गेली, तेव्हा चिठ्ठीवर दोन ओळी लिहिलेल्या होत्या. वरची तिच्या तपासण्यांची, खालची पुष्करच्या तपासणीची. चिठ्ठी जेवणाच्या टेबलावरून फिरली. पुष्कर म्हणाला, "मला काय धाड भरलीय? रोज जिमला जातो." अनुसूयाबाई म्हणाल्या, "आमच्या घरात पुरुषांचं तसलं काही नाही बाई." आणि समोर चटणीपुडीत तेल कालवत बसलेले अण्णा, ज्यांना त्या खालच्या ओळीचा अर्थ अख्ख्या बसवनगुडीत सगळ्यात जास्त कळत होता, ते कालवतच राहिले.

त्यानंतर जे झालं ते सगळं यशश्रीच्या वाट्याला आलं. स्कॅन झाले, इंजेक्शनं झाली, नळ्यांत रंग सोडून फोटो झाला. रिपोर्ट नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल म्हणून अनुसूयाबाईंचा देवधर्म वाढला. दर महिन्याच्या षष्ठीला यशश्रीनं उपास करायचा. सकाळी ऑफिसची बस गाठण्याआधी कोपऱ्यावरच्या अश्वत्थाला एकशे आठ प्रदक्षिणा. अण्णा खिडकीतून बघायचे. सून लॅपटॉपची बॅग पाठीला लावून अनवाणी फिरतेय, आणि आपल्या डाव्या हाताचा अंगठा, हातात काउंटर नसताना, तिचे फेरे मोजतोय. त्यांना स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटली की ते आत जाऊन पेपर उलगडून बसायचे.

लाजेच्या तळाशी भीती होती. आकडा काय येईल, याचा त्यांना अंदाज होता.

लॅबच्या अर्जावर 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. बाकीचे लोक तो वाचत नाहीत, अण्णा आधी तोच वाचतात. देवनहळ्ळीकडचे द्राक्षांवर फवारणी करणारे, गाड्यांना स्प्रेनं रंग मारणारे, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत फ्लेक्स छापणारे. या फ्लेक्सवाल्यांतले सहा जण त्यांनी मोजले होते, त्यांतल्या पाचांचे आकडे रडके. सहा माणसांवरून शास्त्र होत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. पण एका कार्यशाळेत एका संशोधक बाईंनी सांगितलेलं त्यांच्या डोक्यातून जाईना. प्लास्टिक मऊ राहावं म्हणून त्यात थॅलेट नावाची रसायनं घालतात. ती प्लास्टिकला धरून राहत नाहीत. ऊब लागली की हवेत, धुळीत, अन्नात उतरतात आणि शरीरात शिरून संप्रेरकांच्या कारभारात लुडबूड करतात. पुरुषाचं संप्रेरक कमी पडतं, मग बीजही कमी पडू शकतं. "कुणाचं, किती, किती दिवसांत, हे आज तरी छातीठोक सांगता येत नाही," असंही त्या बाई म्हणाल्या होत्या. अण्णांना नेमकं तेच लागलं. छातीठोक काही सांगता आलं असतं तर ते निदान झोपले तरी असते.

आणि पुष्करचा व्यवसाय काय, तर फ्लेक्स. चामराजपेठेत अर्ध्या तळघरात त्याचं दुकान. वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडणुकीतली हसरी तोंडं, अय्यप्पाची यात्रा, सगळं तिथून छापून निघायचं. मध्यंतरी शहरात फ्लेक्सवर धाडी पडल्या, दुकान बंद पडेल असं वाटलं, पण ते चाललं. आत शाईचा उग्र वास, भिंतीला टेकलेले प्लास्टिकचे रोल, आणि छापलेलं वाळवायला तापणारी यंत्राची पट्टी. मागच्या भिंतीत एकेकाळी खिडकी होती. बारा वर्षांपूर्वी दुकान मांडताना अण्णा स्वतः तिथं उभे होते. "धूळ येईल, छपाईवर बसेल," असं म्हणून त्यांनीच गवंडी बोलावून ती खिडकी विटांनी बुजवून घेतली. लॅबच्या माणसाला धुळीचं वावडं. तेव्हा आपण किती बारीक विचार केला, म्हणून ते स्वतःवर खूश होते.

यंदा अकरा फेब्रुवारीला त्यांनी धीर केला. लॅबमधला एक नवा कप घेतला, पारदर्शक, घट्ट लाल झाकणाचा. हाताच्या सवयीनं त्यावर चिकटपट्टी लावली, नाव लिहिलं, वय लिहिलं, तारीख लिहिली. मग तो कप भाजीच्या कापडी पिशवीत टाकला आणि घरी निघाले. वाटेत तीनदा पिशवीत हात घालून कप आहे ना बघितलं.

त्या दिवशी द्यायचं जमलं नाही. दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना जमवू म्हणाले, तर अनुसूयाबाई समोरच बसल्या. आठवड्यानं ते मुद्दाम दुकानात गेले. पुष्कर जेवायच्या बेतात होता. त्यानं प्लास्टिकचा डबा यंत्राच्या तापलेल्या पट्टीवर ठेवला होता, बिसीबेळे भात गरम व्हायला. अण्णांनी डब्याकडे बोट केलं.

"हे रोज करतोस?"

"मग काय, गार खाऊ?"

"स्टीलचा डबा आण."

"स्टीलनं पट्टीला चरे पडतात, अण्णा. तुम्ही बसा ना."

अण्णा बसले नाहीत. बुजवलेल्या खिडकीकडे बघत दोन मिनिटं उभे राहिले, पिशवीची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, आणि घरी आले. पुढं एकदा पुष्करच्या स्कूटरवर मागं बसलेले असताना सिग्नलला त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "पुष्कर..." तो मान वळवून म्हणाला, "काय?" अण्णा म्हणाले, "काही नाही. सिग्नल सुटला." असा तो कप चार महिने पिशवीत राहिला. त्याच्यावर कोथिंबीर आली नि गेली, अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या शेंगा आल्या नि गेल्या.

जूनमध्ये दोन गोष्टी एकाच आठवड्यात ठरल्या. रविवारी आश्लेषा नक्षत्रावर घाटी सुब्रमण्यला नागप्रतिष्ठा. मूल नसलेल्या जोडप्यानं तिथं अश्वत्थाखाली नागाची शिळा बसवायची, ही इकडची रीत. आणि गुरुवारी यशश्रीचं ऑपरेशन, पोटाला भोकं पाडून दुर्बिणीनं आत बघायचं. "आत तरी काही दिसेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. यशश्रीनं रजाही टाकली. गुरुवारच्या आत आपण बोललो नाही, तर या मुलीला भूल देऊन तिच्या पोटात कदाचित दुसऱ्याचाच दोष शोधला जाईल, हे अण्णांना स्वच्छ दिसत होतं. शनिवारी त्यांनी लॅबमध्ये एक नमुना चारदा मोजला. शेजारी बसणारी कावेरी, नऊ वर्षांची त्यांची सहकारी, शेवटी म्हणाली, "अण्णा, आकडा तोच येतोय. तुम्हाला बरं नाही का?"

रविवारी पहाटे गाडी निघाली. शिळा मागं डिकीत, पोत्यात गुंडाळलेली. पुष्कर गाडी चालवत होता, आणि अण्णांना त्या दिवशी काही सुचत नव्हतं. हेब्बाळच्या पुलावर इतक्या सकाळीही गाड्या तुंबलेल्या. परत येताना बोलू, असं ठरवून त्यांनी सवयीनं पिशवीत हात घातला. नारळ लागला, केळी लागली, फुलांचा पुडा लागला. कप नव्हता. त्यांनी पिशवी मांडीवर घेऊन तळापर्यंत उपसली.

"पिशवीतलं काही काढलंस का?"

"वाळलेली कोथिंबीर काढली," अनुसूयाबाई म्हणाल्या. "काय काय साठवून ठेवता! स्वल्प, थोडं तरी बघत जा हो."

देवनहळ्ळी येईपर्यंत त्यांनी खिसे चार वेळा चाचपले. कप लॅबमध्ये राहिला असेल? भाजीवाल्याकडे पडला असेल? त्यावर मुलाचं नाव आहे, वय आहे.

घाटीला झाडाखाली शिळांची गर्दी होती, जुन्या, नव्या, हळदीनं माखलेल्या. चार जोडपी मागं रांगेत बसलेली. घरचे पुरोहित भीमाचार्य, सत्तरीचे, आवाज खणखणीत, त्यांनी शिळा उभी करून घेतली, दूध घातलं, पाणी घातलं, आणि हात पुढं केला, "हळद."

अनुसूयाबाईंनी आपल्या पर्समधून डबी काढली आणि सुनेच्या हातात दिली. पारदर्शक डबी, घट्ट लाल झाकण, आत गळ्यापर्यंत पिवळीधमक हळद.

यशश्रीनं झाकणाला हात लावला आणि थांबली. असे कप तिनं दवाखान्याच्या काउंटरवर पाच वर्षांत पुष्कळ पाहिले होते. तिनं डबी फिरवून चिकटपट्टी वाचली.

"आई, ही कुठं मिळाली?"

"ह्यांच्या पिशवीत. पुष्करचं नाव घातलंय बघ वर, वयसुद्धा. मला वाटलं, संकल्पासाठी ह्यांनीच आठवणीनं तयार ठेवली." अनुसूयाबाईंच्या आवाजात नवऱ्याचं कौतुक होतं. "धुवायचीही गरज पडली नाही, कोरी करकरीत."

"अकरा फेब्रुवारी," यशश्री म्हणाली. ती सासूकडे बघत नव्हती. अण्णांकडे बघत होती.

खोटं बोलणं सोपं होतं. लॅबमधली जादाची डबी, असं म्हटलं असतं तर अनुसूयाबाईंनी मान डोलावली असती आणि पूजा पुढं सरकली असती. ते वाक्य अण्णांच्या ओठांपर्यंत आलंही. डावा अंगठा नुसताच टकटक करत होता. मग त्यांनी तो अंगठा उजव्या मुठीत घट्ट धरला.

"ती डबी पूजेची नाही," ते म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "पुष्करचं वीर्य तपासायला आणली होती. पाच वर्षांपूर्वी चिठ्ठीवर खालच्या ओळीत लिहिलेली तपासणी. केलीच नाही आपण ती."

"अण्णा, इथं?" पुष्कर लालबुंद झाला.

"इथंच. घरी मला जमलं नाही. गुरुवारचं ऑपरेशन थांबवायचं. आधी तुझं बघायचं."

"अय्यो! देवासमोर काय बोलताय हे!" अनुसूयाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मागची चार जोडपी कान टवकारून बसली होती. त्यांच्यातला एक नवरा खाली मान घालून जमिनीवरचं गवत उपटायला लागला. भीमाचार्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं. इतक्या वर्षांत त्यांनी या झाडाखाली काय काय ऐकलं असेल ते त्यांनाच ठाऊक. "बोलू द्या त्यांना, अक्का," ते म्हणाले. "हळद हळदच आहे. सरी, ठीक आहे, पण लवकर आटपा, मागं मंडळी खोळंबलीत."

यशश्रीनं झाकण काढलं. डबी पुष्करच्या हातात ठेवली.

"हळद तू लाव," ती म्हणाली. "आजवर सगळं मीच केलंय."

पुष्करनं स्वतःचं नाव घातलेल्या कपातून चिमूट चिमूट हळद घेऊन शिळेला लावली. परतीच्या वाटेत गाडीतूनच यशश्रीनं ऑपरेशन पुढं ढकलल्याचा निरोप फोनवरून दिला.

बुधवारी पुष्करनं नवा कप शर्टाच्या आतल्या खिशातून आणून लॅबच्या खिडकीत दिला आणि निघून गेला. अण्णांनी काच मांडली, डोळा लावला, आणि त्यांना चौकटीच दिसेनात. ते उठले.

"कावेरी, हा तू मोज."

ती मोजत असताना ते खोलीत येरझाऱ्या घालत होते. सूक्ष्मदर्शकापासून दारापर्यंत, दारापासून सिंकपर्यंत. तिनं आकडा कागदावर लिहिला. एका मिलिलिटरमध्ये अठ्ठावीस लाख. ज्याच्या खाली 'कमी' म्हणायचं ती रेघ एक कोटी साठ लाखांवर आहे. अण्णा कामाला लागले तेव्हा ती दोन कोटींवर होती.

"दुसऱ्यांदा," अण्णा म्हणाले.

दुसऱ्यांदा तीस लाख आले. आकडे जुळले. अण्णांना आयुष्यात पहिल्यांदाच ते जुळू नयेत असं वाटत होतं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर त्यांनी तो शब्द उच्चारला. शुक्राणू. अनुसूयाबाईंच्या हातातला डाव सारात तसाच राहिला. अण्णांनी सगळं सांगितलं, आकडा सांगितला, एका तपासणीवर निकाल द्यायचा नसतो हेही सांगितलं. नवं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात, तेव्हा पुन्हा मोजायचं.

"म्हणजे माझ्या दुकानामुळं?" पुष्करनं विचारलं.

"माहीत नाही. डॉक्टरांनाही सांगता येत नाही. रसायनं असतील, त्या यंत्राची उष्णता असेल, जन्मापासूनचंच काही असेल. नक्की सांगता आलं असतं तर बरं झालं असतं रे." अण्णांनी ताट बाजूला सारलं. "पण ती खिडकी मी बुजवलीय. ती मी फोडणार."

शनिवारी गवंडी आला. विटा पडत होत्या तेव्हा अण्णा धुळीत उभे होते, खोकत होते, आणि बाजूला होत नव्हते. पुष्कर आधी बाहेर जाऊन उभा राहिला. मग आत आला आणि राहिलेल्या विटा स्वतः उचलून टाकायला लागला. यंत्राजवळचा प्लास्टिकचा डबा कचऱ्यात गेला. एवढ्यानं आकडा वाढेल का, हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि अण्णांचा अंगठा त्या आठवड्यातही शांत बसला नाही.

पुढच्या षष्ठीला यशश्री लवकर घरी आली. अण्णा व्हरांड्यात झोपाळ्यावर बसले होते. ती समोर येऊन उभी राहिली. गेले तीन आठवडे ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती.

"अण्णा, एक सांगायचंय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी 'इट्स ओके' म्हणणार नाही."

"म्हणू नकोस. चुकलं माझं."

"चार महिने तो कप तुमच्या पिशवीत होता. चार महिने मी त्या झाडाभोवती फिरत होते आणि तुम्ही खिडकीतून बघत होतात. चार महिने, अण्णा."

झोपाळा थांबला. अण्णांनी मान वर केली.

"चार नव्हे," ते म्हणाले. "कप चार महिने होता. गप्प मी पाच वर्षं होतो. आकडा कमी सांगू नकोस."



"पाच वर्षं," ती म्हणाली. मग ती आत गेली, आणि सासूच्या देखत, षष्ठीच्या दिवशी, स्वतःचं ताट वाढून घेऊन जेवायला बसली. अनुसूयाबाईंनी लोणच्याची बरणी तिच्याजवळ सरकवली.